नवा खेळ शिकवताना कोणता नियम कधी सांगायचा

एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी आहेत, शिकवायचा आहे हँडबॉल, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो कधी खेळलेला नाही. शिक्षकांनी फळ्यावर मैदान काढलं, नियमपुस्तिकेच्या क्रमाने पाऊण तास सगळे नियम समजावले. विद्यार्थ्यांनी वह्या भरल्या, माना डोलावल्या. मैदानावर उतरल्यावर पाच मिनिटांत गोंधळ. कोणी चेंडू घेऊन दहा पावलं पळतोय, कोणी डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या फक्त गोलरक्षकाच्या जागेत, उभा आहे, आणि दर शिट्टीला सगळे एकच विचारतात, "सर, आता बॉल कोणाचा?" तर नियम समजावून सांगायची नीट पद्धत कोणती?

तुमचं समजावणं वाईट असेल असं मला वाटत नाही. तुम्ही नियमपुस्तिकेचा क्रम धरलात, तिथे घोळ झाला. हँडबॉलची पुस्तिका उघडून बघा. पहिला नियम मैदानाचा, दुसरा वेळेचा, तिसरा चेंडूच्या आकाराचा, चौथा संघ आणि बदली खेळाडूंचा. चेंडू हातात आल्यावर काय करता येतं, हे सातव्या नियमात. गोल कधी धरायचा, हे नवव्यात! हा क्रम पंचाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सामन्याआधी तो मैदान तपासतो, मग घड्याळ, मग चेंडू, मग संघाची यादी. पण ज्याने खेळ पाहिलाच नाही, त्याच्या डोक्यात पहिली पंधरा मिनिटं फक्त मीटर आणि सेंटिमीटर जमा होतात आणि ते अडकवायला खुंटीच नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक नियम ही खेळात उभ्या राहिलेल्या एखाद्या अडचणीवरची तोड असते. ती अडचण विद्यार्थ्याच्या अनुभवाला आली की नियम एका वाक्यात सांगून होतो आणि राहतोही. त्याआधी सांगितला तर तो पाठांतराचा विषय होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यासमोर 18 जणांचा वर्ग होता आणि हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. फुटबॉलचे मैदानी प्रकार आत आणले की धसमुसळेपणा व्हायचा. त्यांनी विचार असा केला: माणूस चेंडू घेऊन पळतो म्हणून त्याला पाडावं लागतं. पळायलाच बंदी घातली तर पाडण्याचं कारण उरत नाही. गोल जमिनीलगत असला की जोरात मारण्याकडे कल जातो. तो डोक्याच्या वर नेला तर चेंडू अलगद, कमान करून टाकावा लागतो. अशा विचारातून बास्केटबॉलचे 13 नियम तयार झाले, ते टाइप करून फलकावर लावले गेले आणि नऊ-नऊ जणांचा पहिला सामना 1-0 असा संपला. आज ज्याशिवाय बास्केटबॉलची कल्पना करता येत नाही त्या ड्रिबलचा, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेण्याचा, त्या 13 नियमांत उल्लेख नाही. तो खेळता खेळता खेळाडूंनीच आणला आणि नियमांना त्याच्या मागून जावं लागलं. खेळ शिकवतानाही हाच प्रवाह धरता येतो: आधी खेळायला पुरेल एवढंच, मग खेळ अडेल तसतसं पुढचं.

पद्धत म्हणून ही काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी 1982 मध्ये आधी सोपा केलेला खेळ, मग त्यातली समज आणि मग कौशल्य, असा क्रम मांडला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत तो शिकवलाही जातो. गंमत अशी की त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिणारे आपण मैदानावर नियम शिकवायला गेलो की पुन्हा पुस्तिकाच वाचून दाखवतो.

आता प्रत्यक्ष पहिली पाच मिनिटं.

विद्यार्थ्यांना अर्धवर्तुळात बसवा. ऊन तुमच्या डोळ्यांवर येऊ द्या, त्यांच्या नको. सगळे चेंडू तुमच्या पायाशी किंवा जाळीत. हातात चेंडू असलेला विद्यार्थी दहा वर्षांचा असो की बावीसचा, तो ऐकत नाही, चेंडू आपटत बसतो. मग चारच गोष्टी सांगायच्या, त्याही गोलसमोर उभं राहून, हाताने दाखवत.

"हा गोल. हाताने फेकलेला बॉल पूर्णपणे या रेषेपलीकडे गेला की एक गोल. ज्यांचे जास्त, ते जिंकले." हे पहिलं, कारण जिंकायचं कसं हे कळल्याशिवाय बाकीच्या कशालाच अर्थ नाही.

"बॉल हातात आला की जास्तीत जास्त तीन पावलं आणि जास्तीत जास्त तीन सेकंद. त्याच्या आत पास द्या नाहीतर गोलवर मारा."

"या रेषेच्या आत फक्त गोलरक्षक. रेषेवर पाय पडला तरी आत गेलात."

"समोरच्याला अंगाने अडवा, हात वर करून शॉट अडवा. पण धरायचं नाही, ढकलायचं नाही, हातातून बॉल हिसकवायचा नाही."

बस. मैदान 40 बाय 20 मीटर असतं, सामना 30-30 मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो, संघात मैदानावर सात जण असतात, यातलं एक अक्षरही आत्ता नको. चार विद्यार्थी उठवा, त्यांच्याकडून चालण्याच्या वेगात एक चढाई करून घ्या: पास, पास, तीन पावलं, शॉट. चालण्याच्या वेगातच. धावत दाखवलं की बघणाऱ्याला फक्त गोल दिसतो, पावलं दिसत नाहीत. मग लहान मैदानावर पाच-पाच जणांचे संघ करून खेळ सुरू. हातात शिट्टी घेतल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत पाच मिनिटांहून जास्त गेली, तर तुम्ही जास्त बोललात असं समजा.

तुमच्या लक्षात आलं असेल की या चारांत ड्रिबल नाही. हे मी मुद्दाम करतो. हँडबॉलमध्ये ड्रिबल चालतो, पण पहिल्या दिवशी तो दिला की वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा चेंडू आपटत एकटाच पुढे जातो आणि बाकीचे नऊ जण त्याचा पाठलाग करतात. त्यात कोणालाच तीन पावलांची अडचण भासत नाही. ड्रिबल काढून टाकला की चेंडू हातात येताच पहिला प्रश्न पडतो, "कोणाला देऊ?" आणि उरलेले आपोआप मोकळी जागा शोधू लागतात. हा खरा हँडबॉल नव्हे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो बरोबर आहे. पहिल्या वीस मिनिटांपुरता तो नाहीच. वीस मिनिटांनी ड्रिबल द्या. चेंडू घेऊन तीन पावलं, मग हवा तेवढा वेळ ड्रिबल, चेंडू पुन्हा हातात आला की परत तीन पावलं आणि तीन सेकंद, पण पुन्हा ड्रिबल नाही. त्या टप्प्यावर हे वाक्य विद्यार्थ्यांना बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं.

तीन पावलांवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण सगळे वाद तिथेच होतात. हवेत उडी घेऊन चेंडू झेलला, तर जमिनीला टेकणारा पहिला पाय मोजत नाहीत. त्यानंतरचा एक. हे ऐकून कोणालाच कळत नाही. करून घ्या. सगळ्यांनी रांगेत उभं राहून स्वतःच्या हाताने चेंडू वर उडवायचा, उडी मारून झेलायचा आणि मोठ्याने मोजायचं: "शून्य, एक, दोन, तीन." पाचव्या फेरीपर्यंत ते अंगात बसतं. मग उजव्या हाताने फेकणाऱ्याला सांगा, तीन पावलं डावं-उजवं-डावं अशी टाक आणि डाव्या पायावर उडी घे. उडी घेऊन मारायच्या शॉटला जेवढी धाव लागते तेवढी या तीन पावलांत बरोबर बसते, हे तो स्वतः अनुभवतो. एरवी बंधन वाटणारा नियम आता त्याला शॉटची लय वाटू लागतो. एक नियम या पातळीपर्यंत पोचला की दहा नियम पाठ करून घेतल्याहून जास्त काम झालेलं असतं.

यानंतर खेळ आपणहून तुमच्यापुढे प्रश्न टाकत जातो. तुम्ही फक्त योग्य क्षणी थांबवायचं. शिट्टी, "जागेवर!", सगळे आहेत तिथे उभे. मग उत्तर देण्याआधी विचारा, "आता काय व्हायला हवं?" शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा बरोबर सुचतं, कारण दुसऱ्या खेळांची जाण त्यांना असतेच. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दुसऱ्या संघाचा थ्रो, हे सांगावंही लागत नाही. गोल झाला की ज्यांच्यावर झाला त्यांनी मध्यातून सुरू करायचं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. अशा गोष्टींवर एक मिनिटही घालवू नका.

वेळ घालवायचा तो जिथे त्यांचा अंदाज चुकतो तिथे. गोलरक्षकाच्या हाताला लागून चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला. सगळे फुटबॉलवाले ओरडणार, "कॉर्नर!" नाही. चेंडू गोलरक्षकाचाच, तो डीमधून फेकून खेळ सुरू करतो. हाच चेंडू बचाव करणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला लागून मागे गेला असता तर मात्र कोपऱ्यातून थ्रो इन. इथे थांबा आणि कारणाचा विचार त्यांना करू द्या. काही मीटरवरून जोरात येणारा शॉट गोलरक्षक पकडू शकत नाही, हाताने, पायाने कसाही उडवतो. प्रत्येक अडवलेल्या शॉटनंतर चेंडू पुन्हा हल्ला करणाऱ्यांनाच मिळाला असता तर अडवून त्याला काय मिळालं? एवढी चर्चा झाली की हा फरक ते सहसा विसरत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे डीजवळचा फाउल. फ्री थ्रो साधारण जिथे फाउल झाला तिथूनच घेतात. पण फाउल हल्ला करणाऱ्या खेळाडूवर 6 मीटरची डीची रेषा आणि 9 मीटरची तुटक रेषा यांच्या मधे झाला असेल तर चेंडू तुटक रेषेबाहेर, म्हणजे 9 मीटरच्या मागे आणावा लागतो. आणि बचाव करणाऱ्यांनी 3 मीटर लांब उभं राहायचं. विद्यार्थ्यांना तसं प्रत्यक्ष उभं करा. चेंडू तुटक रेषेवर, बचावाची भिंत डीच्या रेषेला लागून. मधलं अंतर मोजायला सांगा. बरोबर 3 मीटर. दुसरी रेषा तिथेच का आखली आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता दिसतं. फळ्यावर हीच आकृती मी कितीतरी वेळा काढलेली पाहिली आहे आणि वहीत उतरवून घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलेलं दिसत नाही.

थांबवणं बेतानेच. चार-पाच मिनिटांत एकदा पुष्कळ झालं. बाकीच्या चुका खेळ न थांबवता आवाज देऊन सोडवायच्या: "चार पावलं, बॉल निळ्यांचा, खेळा!" प्रत्येक चुकीला प्रवचन दिलं तर विद्यार्थी चूक करायला नव्हे, चेंडू मागायलाच घाबरतात.

आता याला एक अपवाद, आणि तो पक्का. सुरक्षेचे नियम खेळ अडेपर्यंत थांबवून ठेवायचे नाहीत, ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचे. उडी घेतलेल्या खेळाडूला धक्का नाही, मग तो कितीही हलका असो. फेकणाऱ्या हाताला मागून ओढायचं नाही. गोल जमिनीला किंवा भिंतीला घट्ट बांधलेला आहे का, हे तुम्ही स्वतः हलवून पाहायचं आणि त्याला लोंबकळायला सक्त मनाई. पहिल्या काही तासांत गोलरक्षकाच्या अगदी जवळून, चेहऱ्याच्या उंचीवर शॉट मारायचा नाही. हा शेवटचा नियम या स्वरूपात पुस्तिकेत नाही, आपला आहे आणि तो तसा आहे हे विद्यार्थ्यांना सांगूनही टाकायचं. या चार गोष्टींवर प्रश्नोत्तरं नकोत. इथे शिक्षकाने सरळ हुकूम द्यावा.

जुन्या खेळाच्या सवयींचा मुद्दा वेगळा घ्यायला हवा. शाळेतली लहान मुलं नवा खेळ कोऱ्या पाटीने शिकतात. शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी तसा नसतो. तो कुठल्यातरी खेळात मुरलेला असतो आणि तोच खेळ इथे घेऊन येतो. बास्केटबॉलवाला दोन पावलांवर थांबतो आणि एक पाय रोवून गोल फिरत बसतो. तिसरं पाऊल त्याच्या हक्काचं आहे, हे त्याच्या पायांना पटायला वेळ लागतो. फुटबॉलवाला खाली आलेला चेंडू सवयीने पायाने थांबवतो. गुडघ्याखालच्या पायाने चेंडूला स्पर्श केला की चेंडू गेला. प्रतिस्पर्ध्याने तुमच्यावर फेकला आणि पायाला लागला तर ती गोष्ट वेगळी. कबड्डीवाल्यांबद्दल काय सांगावं? रेषेजवळ आलेल्या माणसाला ते सोडतच नाहीत. पण बचाव करताना गुडघे वाकवून, हात पसरून, शेजारच्याशी ताळमेळ ठेवून सरकणं त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. म्हणून त्यांना आधी त्यांचं जे चालतं ते सांगा, मग जे चालत नाही ते.

"हा हाताने खेळायचा फुटबॉल आहे" असं एका वाक्यात सांगून टाकण्याचा मोह होतो. पहिल्या मिनिटापुरतं ते ठीक आहे. गोल, गोलरक्षक, मध्यातून सुरुवात, एवढं त्यातून मिळतं. पण त्याच वाक्याच्या मागून कॉर्नर, ऑफसाइड आणि डीमध्ये घुसून गोल मारायची कल्पनाही येते. तुलना वापरलीत तर ती कुठे संपते हेही त्याच दमात सांगा. "गोलपुरतं फुटबॉल. डीच्या बाबतीत विसरा." डीचं तर वेगळं सांगावंच लागतं: बाहेरून उडी मारून हवेत असताना चेंडू सोडला आणि मग आत पडलात तर गोल धरतात. रेषेवरून उडी मारली तर नाही. विद्यार्थ्यांना हा नियम फार आवडतो. मन लावून उड्या मारतात. मारू द्या.

चेंडू अडवून वेळ काढणं, दोन मिनिटांची शिक्षा, पिवळं-लाल-निळं कार्ड, बदली खेळाडू कुठून कसे येतात-जातात, हे सगळं कधी? जेव्हा त्यांचा खेळ तिथवर पोचेल तेव्हा. ज्यांना सलग पाच पास जमत नाहीत त्यांना वेळकाढूपणाचा नियम सांगून काय उपयोग? तो पहिल्यांदा तेव्हा लागतो, जेव्हा आघाडीवर असलेला संघ गोलकडे न बघता चेंडू इकडून तिकडे फिरवत बसतो आणि समोरचे वैतागून तुमच्याकडे बघतात. त्या वैतागलेल्या क्षणी पंचाची खूण दाखवायची: हात वर, म्हणजे इशारा. यानंतर जास्तीत जास्त चार पास, त्यात शॉट नाही घेतला तर चेंडू गेला. दोन मिनिटांच्या शिक्षेचंही तसंच. मागून धरण्याबद्दल आवाज देऊन देऊन थकलात की एकाला बाहेर बसवा. त्याच्या संघाला दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळू द्या. त्या दोन मिनिटांत दोन गोल खाल्ले की शिक्षा म्हणजे काय, हे अख्ख्या वर्गाला कळतं. तिसऱ्यांदा दोन मिनिटं मिळाली की सरळ लाल कार्ड, हे जाता जाता सांगून टाका.

समजलं की नाही, हे कसं तपासायचं? "समजलं का?" हा प्रश्न वर्गातून काढूनच टाका. त्याचं उत्तर कायम "हो सर" असतं. त्याऐवजी प्रसंग द्या आणि बोट दाखवून उभं राहायला सांगा. "बचाव करणाऱ्याच्या हाताला लागून बॉल मागच्या रेषेबाहेर. थ्रो कुठून? त्या जागी जाऊन उभे राहा." "एकटा गोलसमोर होता, शॉट मारताना मागून जर्सी ओढली. काय द्याल?" 7 मीटरचा थ्रो. गोलसमोर 7 मीटरवर आखलेल्या छोट्या रेषेपाशी जाऊन उभं राहायचं. अर्धा वर्ग 9 मीटरच्या रेषेवर जाऊन उभा राहिला, तर काय परत घ्यायचं ते तुम्हाला लगेच कळतं. कागद तपासत बसायला नको.

इथवर सांगितलेलं कुठल्याही वर्गाला लागू पडेल. पण तुमचे विद्यार्थी उद्या स्वतः शिक्षक होणार आहेत, म्हणून त्यांच्याकडून आणखी एक काम करून घ्यावं लागतं. नियम कळणं आणि नियम दुसऱ्याला सांगता येणं, यात बरंच अंतर असतं. वर्गाचे तीन संघ करा. दोन खेळतील, तिसरा पंचगिरी करेल. पण सगळ्यांनी सगळं बघायचं नाही. एकाने फक्त पावलं, एकाने फक्त डीची रेषा, एकाने फक्त खेळ थांबल्यावर चेंडू कोणाचा आणि कुठून, एकाने गुण आणि वेळ. ज्याने दहा मिनिटं फक्त लोकांचे पाय पाहिले, त्याला तीन पावलांचा नियम पुन्हा कधी सांगावा लागत नाही. फेरी संपली की कामं बदला.

दुसरा सराव बोलण्याचा. प्रत्येकाला एक नियम आणि दोन मिनिटं. अटी दोन: पहिल्या अर्ध्या मिनिटात एकही माप सांगायचं नाही आणि बोलताना हातात चेंडू असला पाहिजे. त्यानंतर लगेच वर्गाने त्या नियमावर दोन मिनिटं खेळायचं. तो विद्यार्थी बोलला छान की अडखळत, याला गुण नाहीत. त्याच्यानंतरचा खेळ किती सुरळीत चालला, याला गुण. अस्खलित बोलणारे काहीजण इथे उघडे पडतात आणि मागच्या रांगेतला एखादा कमी बोलणारा, चेंडू हातात धरून दोन वाक्यांत सगळं दाखवून मोकळा होतो.

पाठाच्या टाचणातही एक रकाना वाढवा. नियम काय, हा रकाना सगळेच भरतात. त्याच्या शेजारी, खेळात काय घडलं की हा सांगायचा, ते लिहायला लावा. हा रकाना भरताना विद्यार्थ्याला अख्खा तास डोळ्यापुढे आणावा लागतो. एखाद्या नियमापुढे तो रकाना रिकामा राहिला, तर तो नियम आजच्या तासाचा नाही.

आणि मापं? ती वगळून चालणार नाही. परीक्षेत विचारतात आणि उद्या शाळेत मैदान यांनाच आखायचं आहे. पण मापं शिकायची जागा मैदानच. चौथ्या-पाचव्या तासाला दोरी, फक्की आणि टेप देऊन डी आखायला सांगा. बहुतेक गट गोलच्या मध्यात खुंटी रोवतात आणि 6 मीटरच्या दोरीने अर्धवर्तुळ फिरवतात. आकार फसतो, दोन्ही बाजूंना रेषा गोलच्या जवळ येते. मग बसून डोकं चालवतात आणि उत्तर सापडतं: खुंट्या दोन लागतात, प्रत्येक खांबाच्या आतल्या मागच्या कोपऱ्याशी एक. प्रत्येकीवरून पाव वर्तुळ, आणि मधे गोलच्या रुंदीएवढी 3 मीटरची सरळ रेषा. 9 मीटरची तुटक रेषा त्याच आकाराची, 3 मीटर बाहेर. एकदा हाताने आखलेली डी माणूस सहसा विसरत नाही. सिंथेटिक मैदान आयतं मिळालं तर हा धडा बुडतो, तेव्हा शेजारच्या मातीवर आखायला लावा.

नियमपुस्तिका मी या सगळ्यानंतर हातात देतो, आणि तिचं वाचन गटात करायला सांगतो. तोवर त्यांनी खेळलेलं असतं, भांडलेलं असतं, पंचगिरी केलेली असते, त्यामुळे पुस्तिकेतलं कोरडं वाक्य वाचून कोणीतरी म्हणतोच, "परवा आपलं हेच झालं होतं." देताना आवृत्ती मात्र पाहून द्या. इशाऱ्यानंतरच्या पासांची संख्या आधी सहा होती, 2022 मध्ये ती चार झाली. जुन्या झेरॉक्स वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि विद्यार्थी सहाचं पाठ करून येतात. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाच्या संकेतस्थळावर चालू नियम मोफत मिळतात. दर वर्षी सत्र सुरू होण्याआधी तिथली प्रत काढून घ्या आणि जुन्या गोळा करून बाजूला ठेवा.